शेपूट कुणाकडे

गावाचं नाव मी लिहीत नाही. बोरीहून जिंतूरकडे जाताना आमचा फाटा लागतो, एवढं पुरे. या फाट्यावर माझ्या भावाचं स्मारक करायचं ठरलं, तेव्हा गावात एका गोष्टीवर चटकन एकमत झालं. विमान पाहिजे. एरवी हातपंप कुठे बसवायचा यावर आमच्या गावाची दोन पंचवार्षिकं जातात.

माझा भाऊ सिद्धोधन वाव्हळे हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर होता. दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाच्या उड्डाणात त्याचं विमान पडलं. युद्ध नव्हतं, चकमक नव्हती, ढगसुद्धा नव्हते. उंची कमी असताना इंजिन बंद पडलं आणि विमान नाक खाली करून तुरीच्या शेतात शिरलं. तो गेला आणि त्याला शिकवणारे अधिकारीही गेले. घरी आलेल्या ग्रुप कॅप्टन साहेबांनी आईला हे असंच सांगितलं, कारण आईनं तसं विचारलं होतं. आई बोरीच्या दवाखान्यात नर्स आहे. अर्धं सांगितलेलं तिला चालत नाही.

गावाला मात्र एवढं पुरेना. शांततेच्या काळात मेलेला अधिकारी गावाला थोडा कमी वाटला. पहिल्याच शोकसभेत गोपाळ सरांनी ही उणीव भरून काढली. गोपाळ सर आमच्या हायस्कूलला मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहेत आणि गावातल्या प्रत्येक समितीचे सचिव आहेत. त्यांनी सांगितलं की, विमान एका शाळेवर पडणार होतं, सिद्धोधननं शेवटच्या क्षणी ते वळवलं. वर्षश्राद्धासारखी पहिली पुण्यतिथी झाली, तोवर त्या शाळेत मुलींचं वसतिगृहही आलं होतं. दुसऱ्या वर्षी शाळेच्या पलीकडे सीमा दिसायला लागली.

"सर, तिथं शाळा नव्हती," मी त्यांना त्या पहिल्या सभेनंतरच म्हणाले होते. "तुरीचं शेत होतं. आम्ही जाऊन आलोय."

"सुकेशनी, तू फिजिक्सची," सर मायेनं म्हणाले. "भावना तुमच्या सिलॅबसला नसतात."

मी परभणीला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते. गावात याचा अर्थ असा की, मिक्सर बिघडला तरी मला विचारतात आणि विमानाबद्दल मात्र विचारत नाहीत.

स्मारक समितीची बैठक ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. अध्यक्ष बन्सीधर अण्णा. ते माजी सरपंच, फाट्यावरच्या पेट्रोलपंपाचे मालक, आणि गावात कुठलीही खुर्ची रिकामी दिसली की तिच्यावर बसणारे. आईला त्यांनी अगदी पुढे, खास प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्चीत बसवलं. पंचवीस वर्षं ती आमच्या गावात "सिस्टर" होती. समितीतल्या निम्म्या लोकांच्या पोरांना तिनं पोलिओचे डोस पाजले. आता ती "वीरमाता" झाली होती, आणि वीरमातेला कुणी काही विचारत नसतं.

तरी ती एकदा बोलली. "फाट्यावर सावली न्हाई," ती म्हणाली. "कॉलेजला जाताना सिद्धू तिथंच उन्हात उभा राहायचा. एक शेड करा, बसायला बाकडं करा. त्याच्यावर त्याचं नाव टाका."

"शेड होईल की सिस्टर," अण्णा म्हणाले. "शेड निधीतून होईल. पण स्मारक म्हंजी स्मारक असतंय. लांबून दिसलं पायजे."

शेड अजून झालेली नाही. विमान लांबून दिसतं.

विमानाचा फोटो समितीनं मोबाइलवर फिरवला. एका कारखान्यात ते फायबरचं तयार होणार होतं. तो कारखाना एरवी मंगल कार्यालयांसाठी हत्ती आणि पाण्याच्या घसरगुंड्यांसाठी डॉल्फिन बनवतो. फोटोतलं विमान लढाऊ होतं. सिद्धोधन पंख्याच्या छोट्या विमानावर शिकत होता. पंखांखाली चार लाल क्षेपणास्त्रं होती आणि शिवाय चाकं बाहेर काढलेली होती. मी म्हणाले, "हे विमान एकाच वेळी उतरतंय आणि युद्ध करतंय." कुणी हसलं नाही. चाकांमुळे विमान भरीव दिसतं, असं गोपाळ सर म्हणाले.

मग विषय निघाला दिशेचा. तो काढला कुणी ते आठवत नाही, पण एकदा निघाल्यावर बैठक दुपारपासून दिवे लागेपर्यंत चालली.

आमच्या फाट्यावर उभं राहिलं की, उत्तरेला मारोतीचं देऊळ येतं. पूर्वेला पीरसाहेबांचा दर्गा, दक्षिणेला आमची वस्ती आणि तिच्या तोंडाशी विहार, पश्चिमेला अण्णांचा पंप. विमानाला नाक असतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. नाक आपल्याकडे असावं असंच सगळ्यांना वाटत होतं. पण नाक असलं की विरुद्ध बाजूला शेपूट येतं.

"म्हंजी इमानाचं बुड मारोतीकडं?" देवळाच्या ट्रस्टचे एक जण म्हणाले. "हे चालायचं न्हाई."

"मग दर्ग्याकडं करा."

"उरूस जवळ आलाय. लोक काय म्हणतील?"

"दक्षिणेकडं करा. त्यांचंच पोरगं हाय."

यावर आमच्या वस्तीतला जीवनदादा उठला. तो नात्यानं माझा चुलतभाऊ. युवा मंडळाचा अध्यक्ष असल्यानं सभागृहात तो नेहमी उभ्यानंच बोलतो. "विहाराकडं शेपूट केलं तर आमी त्या इमानाला हात लावू देणार न्हाई," तो म्हणाला. "आमचंच पोरगं अन् आमच्याच विहाराला पाठ? हे कुणाच्या डोक्यातून आलंय ते आमाला कळतंय."

कुणाच्याच डोक्यातून आलेलं नव्हतं. डोकं हा त्या बैठकीचा विषयच नव्हता.

मी मधले कोन सुचवले. वायव्येला पाहावं तर अण्णांच्या धाकट्या भावाचं घर आणि त्यावर आमदार साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर. ईशान्येला शाळा. आग्नेयेला एका समाजाचा सभामंडप, नैर्ऋत्येच्या बाजूला दुसऱ्या समाजाची स्मशानभूमी. तीनशे साठ अंशांपैकी एकही बेवारस निघाला नाही. आमच्या घराचं नाव तेवढं कुणी काढलं नाही. ते वस्तीच्या टोकाला एकटं आहे, आणि त्याचा अपमान होऊ शकतो हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

शेवटी अण्णांनी टेबलावर हात ठेवला. "नाक खाली घ्या," ते म्हणाले. "शेपूट वर, आभाळाकडं. आभाळ कुणाच्या बापाचं न्हाई."

सभागृहात पहिल्यांदा टाळ्या पडल्या. गोपाळ सरांनी तिथल्या तिथं त्याला नाव दिलं. "झेप! शत्रूवर झेपावणारं विमान."

मी उठले. "अण्णा, तो असाच पडला," मी म्हणाले. "नाक खाली करून. तुम्ही तो पडताना दाखवताय."

मी आईकडे पाहिलं. ती हातातल्या चहाच्या कपाकडे पाहत होती.

"सुकेशनी, चांगल्या कामात असं बोलू नये," गोपाळ सर म्हणाले. "झेपावणं आणि पडणं यात फरक आहे."

"दिसायला काय फरक आहे?"

"हेतूचा."

ठराव मंजूर झाला.

दिवाळीनंतर एका ट्रकवर ते विमान आलं. वस्तीतली आणि गावातली पोरं ट्रकमागे धावली, त्या एका गोष्टीत मात्र भेदभाव नव्हता. उंच लोखंडी खांब आधीच रोवला होता. खांबाच्या टोकाला बोल्टांनी बसवलेला, पंचेचाळीस अंशांत वाकवलेला एक पाइप, पाइपाच्या तोंडाला तबकडी, आणि त्या तबकडीवर विमानाचं पोट चार बोल्टांनी आवळलेलं. अनावरण दुसऱ्या पुण्यतिथीला होतं, पण विमान एवढं मोठं की ते झाकायला कापड मिळेना. म्हणून ते तसंच उघडं राहिलं, नाक खाली, फाट्याच्या धुळीवर रोखलेलं.

नावं ठेवायला फाट्याला वेळ लागत नाही. त्या आठवड्यात मी परभणीहून एसटीनं आले. बोरी सोडल्यावर कंडक्टर दाराशी येऊन म्हणाला, "चला, विमान पडलेला फाटा. कोण हाय विमान पडलेला?"

मागून कुणी तरी हसत विचारलं, "पायलट वाचला का?"

"त्याचाच पुतळा हाय म्हणं," कंडक्टर म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. तो जे दिसतं ते सांगत होता. गावानं दोन महिने बैठका घेऊन जे तयार केलं, ते त्यानं तीन शब्दांत बरोबर वाचलं होतं.

घरी आल्यावर आईच्या साडीचा काठ दिसला. ती दवाखान्यातून नुकतीच आली होती. पांढऱ्या काठाला कुसळंच कुसळं. फाट्यापासून घरापर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यावर कुसळं नसतात. मी विचारलं नाही. पण शनिवारी मुद्दाम बोरीला उतरून थांबले आणि तिच्याच गाडीत चढले. फाट्याच्या अलीकडे नाल्याजवळ विनंती थांबा आहे. तिथं एरवी मेंढरंवालेच उतरतात. गाडी तिथं आली तशी आई उठली.

"सिस्टर, फाट्यावर उतरत जा की," कंडक्टर आदबीनं म्हणाला. "विमान पडलंय तिथून तुमाला जवळ पडतंय."

"हितंच उतरायचंय," आई म्हणाली.

आम्ही धुऱ्यानं, शेतांच्या बांधावरून चालत निघालो. कपाशीची दुसरी वेचणी चालली होती. बाया ओळखीच्या होत्या, त्यांनी हाक मारली, आईनंही मारली. बाभळींच्या रांगेआडून चाललं की फाटा दिसत नाही. तिनं वाट नीट शोधून काढलेली होती.

"रोज इथून येतेस?"

"चालणं बरं असतंय. शुगर वाढत न्हाई."

"तुला शुगर नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली.

थोडं पुढं गेल्यावर ती थांबली आणि वाकून काठाची कुसळं काढायला लागली. "डोळे मिटून बसून पाह्यलं," ती वर न बघता म्हणाली. "पण ते कंडक्टर वरडतंय ना. कान कुठं मिटावं?"

नोकरीची सात वर्षं राहिली होती तिची. सात वर्षं ती पावसाळ्यासकट त्या धुऱ्यानं चालली असती आणि कुणाला बोलली नसती. गावाला कळलंही नसतं की ज्याच्यासाठी स्मारक केलं, त्याच्या आईनं त्या स्मारकामुळेच रस्ता बदललाय.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडे पंपावर गेले. मी चिडून बोलणार नव्हते. मी कागदावर आकृती काढून नेली होती.

"अण्णा, फार खर्च नाही, वेल्डिंगही नाही. पाइप तिरका आहे. वरचे चार बोल्ट काढायचे, विमान तबकडीवर अर्धं फिरवायचं आणि बोल्ट परत लावायचे. जे नाक आत्ता खाली आहे ते वर होईल. मग खालच्या बोल्टांवर खांबाभोवती पाहिजे त्या दिशेला वळवता येईल."

अण्णांनी आकृती नीट पाहिली. त्यांना यंत्रांचं कळतं, हे मान्य केलं पाहिजे. "बरोबर हाय," ते म्हणाले. "पण नाक वर गेलं की शेपूट खाली येतंय. सरळ असतं त्याच्यापेक्षा खाली. थेट कुणाच्या तरी तोंडाम्होरं. सांग, कुणाच्या?"

"अण्णा, ते फायबरचं शेपूट आहे."

"तू परभणीला राहतीस, तुला ठाव न्हाई. हितं पोळ्याला कुणाचा बैल वेशीतून आधी जायचा यावर डोकी फुटल्यात. शेपटावरून दंगा झाला तर पोलीस काय तुझ्या फिजिक्सला धरणार हायेत का? मला धरणार."

"आई फाट्यावर उतरत नाही, अण्णा. नाल्याजवळ उतरून धुऱ्यानं घरी येते."

त्यांनी आकृतीच्या कागदाची घडी घातली. मला वाटलं, आता.

"आयचं काळीज हाय," ते म्हणाले. "सवय होईल." आणि एका ट्रॅक्टरवाल्याला डिझेल किती म्हणून विचारायला उठले.

पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. आमच्या ओट्यावरून फाटा दिसतो. म्हणून अलीकडे ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

"तुझ्या फोनमधी दिशा कळती न्हवं?" तिनं विचारलं. "फाट्यावरून आपलं घर कोणत्या दिशेला येतंय?"

असे प्रश्न मला आवडतात. मी फाट्यावर जाऊन खांबाशी उभी राहिले आणि मोजून आले. "दक्षिणेपासून बावीस अंश पश्चिमेकडे."

"विहार त्या रेषेत येतंय का?"

"नाही. विहार सरळ दक्षिणेला."

"मसनवटा?"

"तो अजून पश्चिमेला."

"मग मधी काय हाय?"

"बाभळी. गायरान. मग आपण."

"बरं," ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेली. मला वाटलं, ती आणखी एखादी आडवाट शोधतेय.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मांडव पडला. साहेब येणार होते. त्यांना घालायचा फुलांचा हार एवढा मोठा होता की तो उचलायला क्रेन मागवली होती. अलीकडे आमच्या भागात हार माणसाच्या गळ्यासाठी नसतो, क्रेनच्या हुकासाठी असतो. क्रेन विमानाच्या बाजूलाच उभी होती, हुकाला झेंडू लटकत होता. एका बॅनरवर सिद्धोधनचा फोटो होता, पासपोर्टाएवढा, खालच्या कोपऱ्यात. वर साहेब, मधे अण्णा, आजूबाजूला शुभेच्छुक. मी तो फोटो ओळखला. बारावीच्या हॉल तिकिटावरचा होता. त्याचे गणवेशातले फोटो आमच्याकडे होते, पण मागितले कुणी नव्हते.

साहेबांना उशीर होत होता. "निघालेत, पिंगळीला आलेत," असा फोन आला आणि नंतर बराच वेळ ते पिंगळीलाच राहिले. तोवर गोपाळ सरांनी वेळ भरून काढायला भाषण सुरू केलं. शाळा आली, वसतिगृह आलं, सीमा आली. या वर्षी सिद्धोधननं मरताना वायरलेसवर गावाचं नाव घेतलं. मी समोरच्या रांगेत बसले होते. सरांनी माझी नजर टाळली नाही. त्यांचा यावर खरंच विश्वास बसला होता. मला ते खोटं बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग त्यांनी वीरमातेला दोन शब्द बोलायला बोलावलं. असं बोलावतात तेव्हा आईनं रडावं अशी अपेक्षा असते. आई माइकजवळ गेली. तिनं दवाखान्यात गर्दीला बोलावं तसं बोलायला सुरुवात केली.

"मी बैठकीत ऐकलंय, विमान उलटं का लावलं ते," ती म्हणाली. "शेपूट कुणाकडं करायचं यावरून भांडण होतं. तर ते आमच्या घराकडं करा."

मांडवात लोक एकमेकांकडे पाहायला लागले. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "सिस्टर, हे आपण नंतर—"

"नंतर कशाला? क्रेन हितंच हाय. शेपूट कुणाच्या तरी दारात येणारच. ते आमच्या दारात येऊ द्या. नाक वर करा."

"आवो, पण लोक आमाला काय म्हणतील? वीरमातेच्या घराकडंच बुड केलं म्हणून?"

आई त्यांच्याकडे वळली. माइक हातातच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "अण्णा, आजवर गावानं आमच्याकडं तोंड करून काय बांधलंय?"

अण्णा खाली बसले.

जीवनदादा उभा राहिला. उभं राहणं त्याला भागच होतं. "पण त्या रेषेत विहार—"

"येत नाही," मी बसूनच म्हणाले. "विहार दक्षिणेला. आपलं घर बावीस अंश पश्चिमेला. मधे बाभळी आहेत. मी मोजलंय, दादा. तुझ्या फोनवर बघ."

त्यानं खरंच फोन काढला. बराच वेळ फिरवून पाहिला आणि बसला.

मग अण्णांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाची हरकत?"

मी वाट पाहिली. हरकतीची नाही. त्या मांडवात चारशे माणसं असतील. कुणी तरी एक जण उठेल आणि म्हणेल, "नको सिस्टर, तुमच्याकडं नको, आमच्याकडं करा, आमच्या दारानं काय बिघडतंय." देवळाचे होते, दर्ग्याचे होते, आमच्या वस्तीतले होते. ज्यांची बाळंतपणं तिनं रात्रीबेरात्री केली त्या बाया होत्या. कुणी उठलं नाही. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसत होतं. गावात इतक्या शांततेत मंजूर झालेला ठराव मी दुसरा पाहिला नाही.

क्रेनवाला जिंतूरचा होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं हार उतरवून रस्त्याच्या कडेला पसरला, पट्टे विमानाच्या पोटाखालून घेतले आणि खांबावर शिडी लावली. मी खालून हातवारे करत होते. वरचे चार बोल्ट निघाले. विमान पट्ट्यांवर थोडं झुललं, मग अर्धं फिरलं, नाक वर आलं. खालचे बोल्ट सैल करून आम्ही ते खांबाभोवती वळवलं. मी खांबापाशी फोन धरून "आणखी, आणखी, बस" म्हणत होते. शेपूट बाभळींवरून आमच्या ओट्याकडे आलं तिथं थांबवलं. लोक खुर्च्या फिरवून बघत होते. फिजिक्सची पदवी घेतल्यापासून गावानं माझं पहिल्यांदा ऐकलं, आणि ते शेपूट आपल्याकडून दुसरीकडे जात होतं म्हणून ऐकलं.

साहेब संध्याकाळी आले. हाराची फुलं तोवर मलूल झाली होती, तरी क्रेननं तो त्यांच्यावर धरला. विमानाकडे पाहून ते म्हणाले, "गगनाला गवसणी घालणारं विमान." त्यांनी सीमा, शत्रू आणि शाळा यांचा उल्लेख केला. गोपाळ सरांनी त्यांना गाडीतून उतरतानाच सांगितलं असणार. मग सरांनी आभार मानताना सांगितलं की, वीरमातेनं गावाच्या ऐक्यासाठी शेपूट स्वतःच्या दारी घेतलं, हा या मातीचा त्याग आहे. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, मी म्हणलं न्हवतं का, मार्ग निघतो म्हणून."

पुढच्या वर्षीच्या भाषणात हेही असेल. शेपूट आणि वसतिगृह दोन्ही.

आता उन्हाळा लागला आहे. शेड नाही. दुपारी एसटीची वाट पाहणारे लोक विमानाच्या पंखाच्या सावलीत उभे राहतात आणि सावली सरकेल तसे सरकतात. आईनं मागितलं होतं त्यातलं एवढं झालं. कंडक्टर नुसतं "विमान फाटा" म्हणतो. पडलेला हा शब्द कधी गळला ते त्यालाही सांगता येणार नाही. आई फाट्यावर उतरते आणि डांबरी रस्त्यानं घरी येते. साडीला कुसळं नसतात.

मागच्या रविवारी मी घरी होते. ती ओट्यावर चहा घेऊन बसली होती, भिंतीकडे पाठ करून. ऊन उतरलं होतं. विमानाची मागची बाजू, दोन शेपटं, त्यांच्यामध्ये इंजिनाच्या जाळाच्या काळ्या गोल खुणा, सगळं आमच्याकडे. बाकीच्या गावाला ते विमान बाजूनं दिसतं किंवा समोरून अंगावर येताना. निघून जाताना ते फक्त आमच्या ओट्यावरून दिसतं.

"ती चाकं," आई म्हणाली. "बाहेरच ठेवली की त्यांनी."

"हो. आणि क्षेपणास्त्रं लावली. कशाचा कशाला मेळ नाही. वर गेल्यावर चाकं लगेच आत घेतात. सिद्धूनं मला—"

"किती लगेच?"

"जमीन सुटली की. काही सेकंदांत."

तिनं कपातला उरलेला चहा संपवला. खाली ठेवताना कप बशीवर नीट बसवला.

"म्हंजी आत्ताच निघालाय," ती म्हणाली.

मी तिला सांगणार होते की, फायबरच्या विमानाला सेकंद नसतात. सांगितलं नाही. मी कप उचलून आत नेला.